पांढऱ्या रंगाची साक्ष

वारशाने एखादं जुनं तैलचित्र घरात येतं, त्यावर सही नसते आणि सगळे दोनच प्रश्न विचारतात: कोणी काढलं आणि किंमत किती? हल्ली लोक मोबाइलवर फोटो टाकतात आणि ॲप एखाद्या बड्या चित्रकाराचं नाव टक्केवारीसकट सांगून मोकळं होतं. त्यावर विसंबू नका. फोटो फोटोशी जुळला एवढाच त्याचा अर्थ. रंग कशाचा बनलाय हे फोटोला कळत नाही. मी तर आधी विचारीन, यातला पांढरा कुठला?

पांढऱ्या रंगावरून चित्राचा काळ सांगता येतो. शिशापासून केलेला सफेदा प्राचीन काळापासून चालत आला. जस्ताचा पांढरा तैलरंगांत रुळला तो 19व्या शतकात. टायटॅनियमचा पांढरा कारखान्यांत तयार होऊ लागला 1916च्या सुमारास. म्हणजे चित्र 1850चं असल्याचं सांगितलं जातंय आणि मूळ थरात टायटॅनियम सापडला, तर ती गोष्ट तिथेच संपली.

हे पाहायला चित्र खरवडावंही लागत नाही. त्यावर क्ष-किरण सोडतात. किरणाचा धक्का बसून अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. ती रिकामी जागा भरायला वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन खाली येतो आणि दोन कक्षांच्या ऊर्जेतला फरक नव्या क्ष-किरणाच्या रूपात बाहेर पडतो. हा फरक प्रत्येक मूलद्रव्याचा वेगळा, कारण केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या वेगळी. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी 1913 मध्ये ही संगती दाखवली. उपकरण या ऊर्जांचा आलेख काढतं, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या ऊर्जेवर, म्हणजे त्याच्या ‘रेषे’वर, शिखर उठतं. टायटॅनियमची मुख्य रेषा 4.51 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर (हे ऊर्जेचं एकक), जस्ताची 8.64वर, शिशाची 10.55वर.

गंमत पुढेच आहे. बेरियमची एक रेषा 4.47वर येते, टायटॅनियमच्या इतकी जवळ की साध्या उपकरणात दोन्ही शिखरं एकमेकांत मिसळतात. आणि बेरियम हा 19व्या शतकातल्या रंगांत सर्रास मिसळला जाई! घाईत आलेख वाचणारा अस्सल जुन्या चित्राला नवं ठरवून बसेल. म्हणून शेजारच्या रेषा बघायच्या: बेरियमची 4.83वर, टायटॅनियमची 4.93वर, शिवाय बेरियमची 32च्या आसपासची रेषा, जी टायटॅनियमला असूच शकत नाही. मला या शास्त्रातला हा भाग सगळ्यात आवडतो. निकाल एका शिखरावर लागत नाही, सगळी कुळी ओळखावी लागते.

टायटॅनियम खरोखर निघाला तरी थांबायचं. तो नंतरच्या डागडुजीतलाही असू शकतो. अतिनील प्रकाशात जुनं रोगण हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर लावलेला रंग काळपट डागांसारखा उठून दिसतो. मोजमाप त्या डागांच्या बाहेर घ्यायचं.

वोल्फगांग बेल्ट्राकी हा बनावट चित्रं काढणारा जर्मन इथेच सापडला. चित्रकार हाइनरिश काम्पेनडोंक यांचं 1914चं म्हणून 2006 मध्ये 28.8 लाख युरोंना विकल्या गेलेल्या चित्रात टायटॅनियमचा पांढरा निघाला. 2011 मध्ये बेल्ट्राकीला शिक्षा झाली.

पण रंगावरून कळतो तो काळ. चित्रकाराचं नाव त्यातून निघत नाही. त्यासाठी त्याची शैली जन्मभर अभ्यासलेली नजर आणि मालकीची कागदपत्रं लागतात. आणि किंमत ठरते त्या नावावर. ‘साल्व्हातोर मुंदी’ हे ख्रिस्ताचं चित्र 1958 मध्ये 45 पौंडांना गेलं, तेव्हा ते लिओनार्दो दा विंचीचं मानलं जात नव्हतं. 2017 मध्ये त्याच्याच नावावर ते 45 कोटी डॉलरना विकलं गेलं, आणि काही तज्ज्ञांना हे नाव अजूनही मान्य नाही.

तज्ज्ञाने पाहीपर्यंत चित्र बटाट्याच्या फोडीने किंवा कांद्याने पुसू नका. या ‘घरगुती उपायां’नी ओलावा आणि स्टार्च भेगांत शिरतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. चित्र उलटं करा. कॅनव्हासवर दुकानाचा शिक्का, लाकडी चौकटीवर खडूने लिहिलेला लिलावाचा आकडा, अर्धवट फाटलेली चिठ्ठी, जे असेल त्याचे फोटो काढा, आणि जुनी चौकट टाकून देऊ नका.