बैठ्या खेळांचा पट: आजी-आजोबांच्या विरंगुळ्यामागचा इतिहास

ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांत आणि विरंगुळा केंद्रांत हल्ली घरी बनवलेल्या बैठ्या खेळांचं नाव पुन्हा निघू लागलंय. जुन्या चादरीवर आखलेला पट, सोंगट्यांच्या जागी बाटल्यांची झाकणं, फाशांच्या जागी चिंचोके. बघणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्या माणसांना गुंतवून ठेवायला कोणीतरी लहान मुलांचे खेळ आणलेत. खरं तर हे खेळ मोठ्यांचेच. मुलांच्या हाती ते फार उशिरा पडले, आणि तेही बाजाराच्या कृपेने.

आपल्याकडचा फाशांचा सगळ्यात जुना उल्लेख ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला. तिथल्या अक्षसूक्तातला जुगारी ज्यांच्या पायी बायको आणि घर गमावून बसतो, ते फासे हस्तिदंती नव्हते. ती बेहड्याची फळं होती, झाडाखाली पडलेली, कोणीही वेचावीत अशी. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती फासे खेळताना कोरलेत आणि त्यांच्या खाली गणांनी नंदीचा छळ मांडलाय. खेळ म्हटला की चेष्टामस्करी आलीच, हे त्या मूर्तिकाराला ठाऊक होतं. पुढे फाशांचा हा खेळ आपल्या सणांत शिरला. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, आणि कोजागिरीच्या जागरणात फाशांचा डाव शास्त्रानेच सांगितलेला. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांतला खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळतो, पैजेत हरतो आणि बारा वर्षं घर सोडून बाणाईकडे मेंढरं राखायला जातो. देवालाही बायकोकडून हरावं लागतं, अशी ही गोष्ट. ती पोरांसाठी रचलेली नाही, हे सांगायला नको.

सारीपाटाचा पट म्हणजे कापडाच्या चार पट्ट्यांची फुली. प्रत्येक पट्टीवर आठ-आठ घरांच्या तीन रांगा, म्हणजे सगळी मिळून ९६ घरं. सोळा सोंगट्या, चार खेळाडू, आणि समोरासमोर बसलेले दोघे भिडू. या भिडूपणातच खरी गंमत होती. आपली सोंगटी पुढे काढायची की भिडूची वाट मोकळी करायची, हे प्रत्येक दानाला ठरवावं लागे. नुसतं नशीब असतं तर पिकल्या केसांच्या माणसांनी त्यावर दुपारच्या दुपारी घालवल्या नसत्या. गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा जुना खेळ, तर याहून डोकं खाणारी. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पानं. आकड्यांच्या पानांत निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या रंगांत एक्का. डाव सुरू करायचा मान दिवसा रामाचा, रात्री कृष्णाचा. कुठलं पान पडून गेलं हे लक्षात ठेवेल तोच जिंकणार. सावंतवाडीला ही पानं चितारी लोक करत. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवायचे, वर रंग आणि लाख. ही कला अगदी संपायला आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला राजवाड्यातच जागा दिली, म्हणून ती आज बघायला तरी मिळते. खेळणारे मात्र फार थोडे राहिलेत.

पण राजवाड्यातल्या गंजिफेपेक्षा मला माजघरातला चल्लस आठ मोठा वाटतो, कारण त्याला काहीच विकत आणावं लागत नाही. फरशीवर कोळशाने किंवा खडूने पाच गुणिले पाचचा चौकोन आखायचा. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुली मारायची. फुलीच्या घरात बसलेली सोंगटी मारता येत नाही. दोन चिंचोके फोडून चार फाका करायच्या आणि आतली बाजू दगडावर घासून पांढरी करायची. चारही पांढऱ्या पडल्या तर चल्लस, म्हणजे चार घरं. चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि वर आणखी एक दान. सोंगट्या म्हणजे हाताशी असेल ते: बांगडीचे तुकडे, सुपारीची खांडं, तुरीचे दाणे, मोडलेल्या काड्या. बाहेरच्या रांगेतून फिरत जायचं, वाटेत कोणाची तरी सोंगटी मारायची, मगच आतल्या रांगेत वळायचं आणि तिथून उलट्या दिशेने मधल्या घराकडे. विदर्भात चल्लस आठ, दुसरीकडे अष्टाचंग. कवड्या असतील तर कवड्या, नाहीतर चिंचोके. पट पुसला की पुरावाही शिल्लक नाही. वस्तुसंग्रहालयांत मण्यांचे सारीपाट आणि लाखेची गंजिफा पोचली, खडूचा पट कुठून पोचणार? बायकांचा हा खेळ इतिहासात एवढा कमी दिसतो तो यामुळेही.

मोक्षपटाची, म्हणजे सापशिडीच्या मूळ पटाची, गोष्ट निराळी. परंपरा त्याचा मान ज्ञानेश्वरांना देते. पुरावा तेवढा पक्का नाही, पण मराठी मोक्षपट सापडतात हे खरं. काम, क्रोध, मत्सराचे साप, सत्संगाच्या आणि दयेच्या शिड्या, आणि शेवटी वैकुंठ. आयुष्याचा हिशेब मांडायच्या वयातल्या माणसानेच खेळावा असा हा पट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडला गेला आणि त्यातला मोक्ष गळून नुसते साप आणि शिड्या राहिल्या. सारीपाटाच्याच जातीच्या, कवड्यांनी खेळायच्या पचिशीचंही तेच. १८९६ साली इंग्लंडमध्ये ल्यूडोचं पेटंट घेतलं गेलं. कवड्या गेल्या, चौकोनी फासा आला, भिडूही गेला. मग दोन्ही खेळ परत आले ते एकाच पुठ्ठ्यावर, पुढे ल्यूडो आणि मागे सापशिडी, रंगीत छपाईत, खेळण्यांच्या दुकानात. आजोबांनी तो पुठ्ठा नातवासाठी विकत आणला आणि स्वतः पत्त्यांकडे वळले. इथेच हे खेळ ‘मुलांचे’ झाले.

पत्त्यांनी पुरुषांना कट्टा दिला. पारावर, चाळीच्या गॅलरीत, निवृत्तीनंतरच्या बागेतल्या बाकावर रमी, मेंढीकोट आणि झब्बू टिकून राहिले. बायकांचे बैठे खेळ घरातच राहिले आणि घर बदललं. फरशीची जागा गुळगुळीत लाद्यांनी घेतली, खडूच्या रेघा नकोशा झाल्या, मांडी घालून बसणं गुडघ्यांना झेपेना. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि बसायला दुसरी जागा मिळाली. टीव्हीला शिव्या देण्यात अर्थ नाही. एकट्या पडलेल्या माणसाला त्याने सोबत केली. पण त्याच्यापुढे बसून कोणाची सोंगटी मारता येत नाही.

म्हाताऱ्या माणसांची सोय म्हणजे अन्न, वस्त्र आणि औषध, ही समजूत आपल्या संस्थांत फार जुनी. पुण्यातली ‘निवारा’ ही डेव्हिड ससूनच्या देणगीतून १८६३ साली उभी राहिलेली संस्था निराधारांच्या आसऱ्यासाठी होती. करमणूक हा कोणाच्या डोक्यातला विषय नव्हता आणि त्या काळी असायचं कारणही नव्हतं. ज्येष्ठांसाठीचं राष्ट्रीय धोरण आलं १९९९मध्ये. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक दहा कोटींवर गेले. दरम्यान महापालिकांची विरंगुळा केंद्रं निघाली. वर्तमानपत्रं, कॅरम, बुद्धिबळ, पत्ते. यादी वाईट नाही, पण ती कट्ट्यावरची यादी आहे. माजघरातलं त्यात काही आलं नाही, आणि मग बायका भजनाच्या दिवशी तेवढ्या येतात याचं नवल करण्यात काय हशील?

खेळांना वजन आलं ते वैद्यकामुळे. २००३ साली न्यूयॉर्कमधल्या ७५ वर्षांपुढच्या ४६९ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नाच यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. खेळल्यामुळे आजार टळतो, असं तिने सिद्ध केलं नाही. ज्याची स्मृती आधीच ढासळू लागली तो खेळ सोडतो, असंही असू शकतं. तरी तेव्हापासून खेळ हा ‘उपक्रम’ झाला, वेळापत्रकात बसला, आणि टाळ्या वाजवून सगळ्यांनाच विजयी ठरवण्याची खोड लागली. सत्तरीच्या बाईला हरवायचीही भीती वाटणं, हा मला तिचा अपमान वाटतो.

घरी बनवलेल्या पटाचा खरा फायदा दुसराच आहे. तो हव्या त्या मापाचा करता येतो. जाड मांजरपाटावर वीतभर रुंदीची घरं, काळ्या रंगाच्या ठळक रेघा, बोटांत सहज धरता येतील अशी कोटाची मोठी बटणं. संधिवाताच्या हाताला कवड्या मुठीत खुळखुळवणं जड जातं, म्हणून त्या वाटीत घालून काठाच्या ताटात उपड्या करायच्या, म्हणजे घरंगळून कॉटखालीही जात नाहीत. पट टेबलावर, खुर्च्या चारही बाजूंना. हौजीचंही असंच. छापील तिकिटावरच्या पंधरा आकड्यांऐवजी पंधरा गावं लिहावीत, आणि आकडा पुकारायच्या जागी त्या गावचं देवस्थान किंवा नदी सांगावी. चिपळूण म्हणायचं नाही, वाशिष्ठी म्हणायचं.

एक अडचण मात्र प्रत्येक ठिकाणी येते: नियम. अमरावतीची बाई म्हणते, एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत वळता येत नाही. साताऱ्याची म्हणते, आमच्याकडे असं काही नव्हतं. तिसरी सांगते, लागोपाठ तीन वेळा आठ पडले तर सगळे रद्द. अशा वेळी संयोजकाने मध्ये पडू नये आणि छापील नियमावली तर मुळीच वाटू नये. पहिला अर्धा तास या भांडणात जातो, आणि त्या अर्ध्या तासात कोण कुठली, कोणाची आजी कशी खेळायची, कोण लबाडी करायची, हे सगळं बाहेर येतं. त्यानंतर पट मांडला तरी चालतो.