इझसेट ‘हो’ म्हणाले, पण कशाला?

पीएचपी ही संकेतस्थळे बनवण्याची संगणकभाषा. तिच्यात ज्या नावाखाली माहिती ठेवतात ती किल्ली, आणि त्या किल्लीखाली काही आहे का ते सांगते इझसेट. ‘इझसेटने नाही म्हटले, म्हणजे ती किल्ली नाहीच’ असा पीएचपी लिहिणाऱ्या बऱ्याच जणांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

मिरकरवाडा बंदरातले मासळीचे दर दाखवणारे पान घ्या. माहिती डब्यात डबा (पीएचपीत अ‍ॅरे) ठेवावा तशी असते: बंदराखाली मासळी, मासळीखाली दर. वाटेतला एखादा डबा नसला तरी इझसेट तक्रार करत नाही, म्हणून ते सोयीचे वाटते. पण ते फक्त एवढेच पाहते, की तिथवर पोचता येते का आणि तिथे नल (म्हणजे ‘मूल्यच नाही’ अशी खूण) सोडून काही आहे का. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी, म्हणून सुरमईचा दर नल ठेवला, तर किल्ली जागेवर असूनही उत्तर ‘नाही’.

खरी गंमत उलट बाजूला आहे. समजा, बांगड्याखाली डब्याऐवजी कुणी ‘आवक नाही’ एवढेच लिहिले आणि आपण त्यातला ‘दर’ तपासला. डब्यातली किल्ली चौकोनी कंसात लिहितात, पण पीएचपीत मजकुरालाही असा कंस लावता येतो. आत आकडा दिला की त्या जागेची बाइट (साठवणीचा छोटा तुकडा) मिळते, मोजणी शून्यापासून. ५.३ आवृत्तीपर्यंत ‘दर’ या शब्दाचाही आकडा केला जाई. त्यात अंक नाही, म्हणून शून्य. शून्याव्या जागी बाइट आहे, म्हणून ‘हो’! २०१२च्या ५.४ने हे थांबवले. मात्र होड्यांच्या यादीच्या जागीही असाच मजकूर असला आणि पहिली नोंद म्हणून किल्ली ० विचारली, तर आजही ‘हो’च येते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, त्यामुळे ‘आवक नाही’ मधल्या मोकळ्या जागेसह २२ बाइट होतात. ० ते २१ काहीही विचारा, ‘हो’. हाती मात्र ‘आ’चा एक तृतीयांश तुकडा येतो आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाची चौकट दिसते.

अशा वेळी सर्व्हर बंद-चालू करणे किंवा संगणकाला लिंबू-मिरची बांधणे व्यर्थ आहे. यंत्र नियमानेच वागते आहे, पुन्हा तेच उत्तर देईल.

उपाय असा: प्रत्येक पायरीवर आधी इझ-अ‍ॅरेने तो डबाच आहे ना ते पाहा, मग अ‍ॅरे-की-एक्झिस्ट्सने किल्ली तपासा. क्रम उलटा केलात आणि हाती मजकूर असला, तर आवृत्ती ८ थेट टाइप-एरर (चुकीच्या प्रकारची वस्तू दिल्याची चूक) देते. ७.० पासूनची दोन प्रश्नचिन्हे (??, म्हणजे मूल्य नसेल तर पर्यायी मूल्य घेण्याची खूण) इथे कामाची नाहीत, तीही इझसेटच्याच नियमाने चालतात. ‘आवक नाही’ हा मजकूर ‘शेरा’ या वेगळ्या किल्लीखाली ठेवा आणि ‘दर’ नल राहू द्या.