बंदराजवळ राहता? क्रूझ स्वस्तात कशी मिळते ते वाचा
मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुण्याच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इंदूरहून किंवा जयपूरहून मुंबईच्या क्रूझसाठी येणाऱ्या कुटुंबाचा खर्च जहाजावर पाऊल ठेवायच्या आधीच सुरू होतो. येण्याजाण्याचं विमान, आदल्या रात्रीचं हॉटेल, विमानतळावरून बंदरापर्यंतची टॅक्सी. डोंबिवली, वाशी किंवा दादरच्या माणसाला यातलं काहीच लागत नाही. एवढी बचत कोणाच्याही लक्षात येते. मोठी बचत मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. इंदूरच्या कुटुंबाला महिना-दोन महिने आधी सगळं ठरवावं लागतं. तुम्हाला चार दिवस आधी "चला, जाऊ" म्हणता येतं. जहाजकंपनीला शेवटच्या आठवड्यात असेच प्रवासी हवे असतात.

दर उतरतो का आणि कधी

जहाज भरलं काय, अर्धं रिकामं राहिलं काय, ठरल्या दिवशी ते निघतंच. इंधन, खलाशी, स्वयंपाकघर, बंदराचं भाडं यांत फारसा फरक पडत नाही. नाटकाची तिसरी घंटा झाली की न विकलेल्या खुर्चीची किंमत शून्य होते, तसंच केबिनचं. त्यात जहाजाची कमाई तिकिटावर संपत नाही. बार, कॅसिनो, स्पा, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली यांतून बराच पैसा येतो. रिकामी केबिन म्हणजे तोही गेला. म्हणून निघायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत, जागा उरल्या असतील तर, दर खाली येतो.

"असतील तर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. मायामीसारख्या बंदरातून एकाच दिवशी अनेक कंपन्यांची जहाजं सुटतात आणि ती एकमेकांचे प्रवासी पळवतात. मुंबईत अजून तशी स्पर्धा नाही. २०१८ मध्ये गोव्यासाठी 'आंग्रिया' सुरू झाली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' चालते, जिची बांधणी १९९० ची आहे. मधूनमधून कोस्टासारख्या परदेशी कंपन्यांची जहाजंही हंगाम करून गेली. पण एका वेळी पर्याय एखाद-दुसराच असतो. त्यामुळे इथे दुसऱ्या कंपनीच्या भीतीने दर पडत नाही, तो तारखेवर पडतो. कंपन्या ताडून पाहण्यात वेळ घालवू नका, तारखा ताडून पाहा.

स्वस्त तारखा कोणत्या? सोमवार ते गुरुवारच्या फेऱ्या. फेब्रुवारी-मार्च, म्हणजे बारावी-दहावीच्या परीक्षांचे दिवस. मुलांची घरं तेव्हा हलत नाहीत. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा पंधरवडा. पितृपक्षात जहाज मुंबईत असेल तर तोही. तेव्हा आमच्याकडे चौकशीचे फोनसुद्धा कमी होतात. महाग तारखा सांगायला नकोत: नाताळ ते एक जानेवारी, दिवाळी, लांब वीकेंड, मे महिन्याची सुट्टी. या दिवसांत शेवटच्या क्षणी दर उतरेल म्हणून थांबणाऱ्यांना बहुधा वाढलेला दर मिळतो किंवा केबिनच मिळत नाही.

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. गेल्या काही वर्षांत त्या महिन्यांत जहाज पूर्व किनाऱ्यावर, चेन्नई आणि विशाखापट्टणमकडे नेलं गेलं. अशा वेळी मुंबईहून तिकडे जाणारी किंवा तिकडून परतणारी एकमार्गी फेरी विक्रीला आली, तर तिच्यावर नजर ठेवा. रात्रींच्या मानाने ती स्वस्त पडते, कारण दुसऱ्या टोकाहून घरी कसं यायचं हा प्रश्न बहुतेकांना नको असतो. निवृत्त मंडळींना मात्र चेन्नईहून रेल्वेने निवांत परत येणं जड वाटत नाही.

थांबावं कोणी

दोघंच असाल, तारखेचा आग्रह नसेल आणि आतली, बिनखिडकीची केबिन चालत असेल, तर थांबा. फायदा तुमचाच.

चौघांचं कुटुंब असाल तर थांबू नका, हे आम्ही जोर देऊन सांगतो. तीन-चार जणांच्या केबिन मुळात कमी असतात आणि त्याच आधी संपतात. तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाला मिळणारी सवलत त्या केबिनवरच असते. शेवटच्या आठवड्यात दोन वेगळ्या केबिन घ्याव्या लागल्या तर उतरलेला दरही महाग पडतो, शिवाय मुलं एका डेकवर आणि आईबाबा दुसऱ्या. व्हीलचेअरची केबिन हवी असेल तर तीही आधीच धरायची. अशा केबिन मोजक्याच असतात. एकटं जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं की केबिन दोघांच्या हिशेबाने विकली जाते आणि एकट्याला बहुतेक वेळा दोघांच्या जवळपास भाडं बसतं.

लक्षद्वीपच्या फेरीसाठीही आमचा सल्ला आधी बुकिंग करण्याचा आहे. तिथे प्रवेश परवाना लागतो आणि त्याची कागदपत्रं आयत्या वेळी पुरी करण्यात दमछाक होते. आणखी एक. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून बेटावर नेतात. समुद्राने साथ दिली नाही तर बेटावर उतरणं रद्द होऊ शकतं.

'गॅरंटी केबिन' या प्रकाराविषयी खूप विचारणा होते. यात तुम्ही फक्त वर्ग निवडता; केबिनचा नंबर कंपनी नंतर देते. दर कमी असतो. कधी वरचा वर्गही मिळतो, पण त्याच आशेवर घेऊ नका. इंजिनाच्या किंवा डिस्कोच्या आवाजाजवळची केबिन मिळाली तर तक्रार करता येत नाही. झोप हलकी असेल तर थोडे जास्त देऊन नंबर निवडा, मधल्या डेकवरचा आणि जहाजाच्या मध्यभागाजवळचा. तिथे हेलकावेही कमी जाणवतात.

जाहिरातीतला आकडा

'माणशी अमुक हजारांपासून' हा आकडा सर्वांत स्वस्त केबिनचा आणि दोघं गृहीत धरून असतो. त्यावर पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टीप) आणि जीएसटी लागतो. सूट बहुधा फक्त मूळ भाड्यावर असते. समजा भाडं १५,००० आणि इतर आकार ५,०००, म्हणजे जीएसटी धरण्याआधी २०,०००. जाहिरात म्हणते ४० टक्के सूट. भाडं ९,००० झालं, इतर आकार ५,००० तेवढेच राहिले, एकूण १४,०००. तुमच्या खिशातून वाचले ३० टक्के. वाईट नाही, पण ४० नाहीत. म्हणून आमच्याकडून असो वा दुसऱ्या कोणाकडून, दर विचारताना "सगळं धरून दोघांचे किती?" एवढंच विचारा.

जेवण तिकिटात असतं. दारू, बाटलीबंद पेयं, वायफाय, काही खास रेस्टॉरंट आणि सहली यांचे पैसे वेगळे. स्वस्तात केबिन मिळाली म्हणून तीन दिवसांत बारचं बिल केबिनच्या भाड्याइतकं करणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत. मजा त्यांची, आम्ही काय बोलणार! फक्त उतरण्याच्या आदल्या रात्री आपल्या नावावर लागलेल्या खर्चाची यादी मागवून बघावी. चुकीची नोंद जहाजावर असतानाच दुरुस्त होते, घरी आल्यावर पाठपुरावा लांबतो.

आयत्या वेळचं तिकीट बहुतेकदा परत होत नाही. आजारपण आलं, ऑफिसात सुट्टी नाकारली, तरी पैसे गेले. सुट्टी आधी मंजूर करून घ्या, मग आम्हाला होकार कळवा.

गोव्याला उतरून रेल्वेने परत

काही फेऱ्यांत मुंबई ते गोवा एकमार्गी तिकीट मिळतं. दोन्ही बाजूंच्या तिकिटापेक्षा ते स्वस्त असतं आणि जातानाची संध्याकाळ, सूर्यास्त, डेकवरची हवा हे सगळं तेवढंच मिळतं. परतायला मडगावहून मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारत आहेत.

इथे एक मेख आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेच्या चांगल्या गाड्या लवकर भरतात. क्रूझ चार दिवसांवर आली असताना मडगावचं तिकीट वेटिंगवर जातं. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी सकाळी १० ला आणि बिगर-एसीसाठी ११ ला; नेमके तेव्हा तुम्ही समुद्रात, जिथे मोबाइलला रेंजचा भरवसा नाही. त्यामुळे तत्काळ काढायचं काम घरी असलेल्या कोणावर तरी सोपवून जा, नाहीतर रात्रीच्या बसची तयारी ठेवा. दोन्ही जमत नसेल तर सरळ परतीसह तिकीट घ्या. मुंबई-मुंबई तिकीट काढून गोव्याला न सांगता उतरून जाणं मात्र करू नका. प्रवाशांची मोजणी चुकते आणि जहाजावर शोधाशोध सुरू होते.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं, पणजीला नाही. पणजी तिथून सुमारे ३० किलोमीटर. जहाजाची सहल किंवा टॅक्सी महाग वाटत असेल तर वास्को जवळच आहे आणि वास्कोच्या बसस्टँडवरून पणजी व मडगावच्या बस सुटतात. वेळ थोडा असेल तर बोगमाळो किनारा गाठा. परत येण्याच्या वेळेला मात्र पुरेसा अवधी ठेवा, बससाठी जहाज थांबत नाही.

बॅलार्ड पिअरला पोहोचताना

टॅक्सीवाल्याला नुसतं "धक्का" म्हणालात तर तो भाऊच्या धक्क्याला नेईल. तिथून मांडव्याची रो-रो आणि रेवस-मोऱ्याच्या लाँच सुटतात. कोकणबोटीने रत्नागिरी-मालवणला गेलेली आमची ज्येष्ठ मंडळी तर सवयीनेच तिकडे वळतात. क्रूझ बॅलार्ड इस्टेटजवळच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलवरून सुटते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. सीएसएमटीहून टॅक्सीने काही मिनिटांचं अंतर. मध्य रेल्वे आणि हार्बर दोन्हींवरून सीएसएमटीला थेट लोकल आहे. रविवारी निघायचं असेल तर शनिवारीच मेगाब्लॉक बघून ठेवा.

पुणेकरांनी आदल्या रात्री येऊन हॉटेल घेण्याची गरज नाही. सिंहगड, प्रगती, डेक्कन क्वीन या सकाळच्या गाड्या सीएसएमटीला आणून सोडतात. नाशिककरांसाठी पंचवटी आहे. स्वतःची गाडी आणू नका. दक्षिण मुंबईत तीन दिवस गाडी ठेवण्याचा खर्च वाचवलेल्या पैशांतून वजा होतो, वर अटल सेतूचा टोल.

मुलं परदेशात बंदराजवळ राहत असतील तर

आमचे बरेच ग्राहक काही महिने मुलांकडे जातात, आणि तिथली क्रूझ इथून विमानाने जाऊन केलेल्या क्रूझपेक्षा खूप स्वस्त पडते. जर्सी सिटी किंवा एडिसनला मुलगी असेल तर बेयोनचं केप लिबर्टी बंदर जवळ आहे. ऑरलँडोच्या मंडळींना पोर्ट कॅनाव्हेरल तासाभराच्या अंतरावर. फ्लोरिडासारख्या राज्यांत काही कंपन्या स्थानिक रहिवाशांना वेगळा दर देतात. त्यासाठी केबिनमधल्या किमान एकाच्या पत्त्याचा पुरावा मागतात. मुलीने किंवा जावयाने बुकिंग करताना हे विचारायचं राहून जातं.

या मोठ्या क्रूझचं पूर्ण पैसे भरण्याचं वेळापत्रक वेगळं असतं. बहुधा निघण्याच्या ६० ते ९० दिवस आधी शेवटचा हप्ता भरावा लागतो. ज्यांचा विचार बदलतो ते त्याच सुमारास रद्द करतात आणि त्या केबिन परत विक्रीला येतात. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे दर पाहण्यासारखे असतात. तुम्ही आधीच बुक केलं असेल आणि शेवटच्या हप्त्याआधी दर उतरला, तर नवा दर मागा. बऱ्याच कंपन्या देतात.

व्हिसाकडे मात्र नीट बघा. जहाज परदेशी बंदराला जाऊन परत येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात पुन्हा प्रवेश करता. दुबईला एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन गेलात आणि जहाज ओमानला जाऊन आलं, तर परतताना अडचण येते. एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा (मल्टिपल एंट्री) व्हिसा हवा, आणि वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा तपासायचा. परदेशी पॅकेज भारतातून घेतलं तर टीसीएसही (विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

आमच्या आयत्या वेळच्या यादीत नाव घालायचं असेल तर

ऑफिसात येऊन किंवा व्हॉट्सअॅपवर एवढं कळवा: किती जण, आतली केबिन चालेल का, किती दिवसांच्या सूचनेवर निघू शकाल, कोणते आठवडे अजिबात नकोत, आणि सगळं धरून दोघांचे जास्तीत जास्त किती. सोबत ओळखपत्राच्या प्रती पाठवा. नावाचं स्पेलिंग ओळखपत्रावर असेल तसंच तिकिटावर लागतं, आणि चढताना मूळ ओळखपत्रच दाखवावं लागतं. दर तुमच्या आकड्यात बसला की आम्ही फोन करतो. संध्याकाळपर्यंत होकार आला नाही तर ती केबिन यादीतल्या पुढच्या नावाला देतो.