कॉर्ड स्वच्छ का वाजंना? नवीन गिटार घेतलेल्यांसाठी

आमच्याकडून गिटार नेलेले बरेच जण थोड्याच दिवसात परत दुकानात येतात अन सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन-चार सूर) धरली की तारा खर्रर्र करायल्यात, नाहीतर मधली एखादी तार बोलतच नाही, अन मोबाईलवर तो शिकवणारा तीच कॉर्ड वाजवतो तर कशी गोड वाजायली. मग कुणी म्हणतं माझी बोटं आखूड आहेत, कुणी म्हणतं जाड आहेत, कुणी म्हणतं आता वय राहिलं नाही. आपल्याकडं गावोगावी गिटारचे क्लास नाहीत, पोरं एकटीच व्हिडिओ बघून शिकायलीत, चुकलं कुठं हे सांगायला शेजारी कुणी नसतं, म्हणून हे पत्रक गिटारच्या बॅगेत टाकून देतो. बोटांना दोष देऊन गिटार कपाटामागं ठेवू नका, आधी हे नीट वाचा.

पहिलं ट्यूनिंग. रोज, हातात घेतली की लगेच. सहा तारा जाडीकडून बारीककडं ई, ए, डी, जी, बी, ई अशा, मोबाईलवर फुकट ॲप आहेत, क्लिपवाला ट्यूनर असेल तर आणखी चांगलं, कारण तो लाकडाच्या कंपनावर चालतो, घरात मिक्सर चालू असला तरी त्याला फरक पडत नाही. नवीन तारा ताणल्या जातात म्हणून सुरुवातीचे काही दिवस सारख्या उतरतात, ते नॉर्मल आहे. सूर वर गेला असेल तर तार आधी थोडी ढिली करा अन खालून वर चढवत आणा, म्हणजे टिकते. ट्यून नसलेल्या गिटारवर बोटं कितीही बरोबर ठेवा, कॉर्ड बेसूरच लागणार.

आता मुख्य गोष्ट. कॉर्ड धरली की लगेच झणझण स्ट्रमिंग करू नका. बोटं ठेवा अन एकेक तार सावकाश छेडा. सहा तारा एकदम वाजल्या की कळतच नाही नेमकी कोणती बिघडली, सगळी कॉर्डच खराब वाटते, अन बहुतेक वेळा गडबड एकाच तारेची असते. ती तार सापडली की तिच्याजवळचं बोट बघा. तार खरखर करत असेल तर बोट फ्रेटपासून (दांड्यावरची आडवी धातूची पट्टी, दोन पट्ट्यांमधल्या जागेलाही फ्रेटच म्हणतात) लांब पडलंय किंवा दाब कमी आहे. तार ठप्प, मेल्यासारखी वाजत असेल तर शेजारचं बोट तिला टेकलंय. एवढा फरक कानाला कळायला लागला की अर्धं काम झालं असं आम्ही मानतो.

बोट कुठं ठेवायचं? दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये नाही, आवाजाच्या होलकडची जी पट्टी आहे तिच्या अगदी मागं चिकटून. तिथं निम्म्या ताकदीत तार साफ वाजते. हे स्वतः करून बघा, एका तारेवर बोट नुसतं टेकवा अन छेडा, ठप्प आवाज येईल, मग छेडत छेडत दाब हळूहळू वाढवा, ज्या क्षणी सूर साफ होतो तिथंच थांबा. तेवढाच दाब लागतो, त्याच्यावर जे काय दाबता ते वाया. उलट जास्त दाबलं तर तार ताणून सूर वर चढतो अन ट्यून केलेली गिटारही बेसूर वाटते. नवीन पोरं एवढ्या जोरात दाबतात की नखं पांढरी पडतात, ते बघून आम्हालाच वाईट वाटतं.

बोटं शेंड्यावर उभी पाहिजेत, त्यासाठी डाव्या हाताची नखं एकदम बारीक कापा, नख वाढलेलं असेल तर बोट आडवंच पडणार, तिथं दुसरा इलाज नाही. पंजा मोसंबी धरल्यासारखा गोल ठेवा, तळहात नेकला (गिटारच्या दांड्याला) चिकटवू नका. अंगठा नेकच्या मागं, साधारण मधल्या बोटाच्या समोर. अन एक सवय सगळ्यांनाच असते, बोटं दिसावीत म्हणून गिटार आपल्याकडं तिरकी करून मांडीवर झोपवतात, तसं केलं की मनगट वाकतं अन बोटं लगेच चपटी होतात. बाजेवर, गादीवर बसून वाजवू नका. बिनहाताच्या खुर्चीवर बसा, गिटार उभी ठेवा, नेकच्या कडेला ठिपके असतात ते बघून फ्रेट ओळखा.

सगळ्यात जास्त विचारणा सी, डी अन एफची होते. तारांचे नंबर बारीककडून मोजायचे, सर्वात बारीक ती पहिली, सर्वात जाड ती सहावी. सी मध्ये पहिलं बोट (अंगठ्याजवळचं) सर्वात बारीक तारेला टेकतं अन मधलं बोट तिसऱ्या तारेला, या दोन्ही तारा मोकळ्या वाजल्या पाहिजेत, म्हणून ती दोन बोटं आणखी उभी करा. डी मध्ये तिसरं बोट पहिल्या तारेला दाबून टाकतं, अन वरच्या दोन जाड तारा या कॉर्डमध्ये वाजवायच्याच नाहीत, बरेच जण त्या वाजवतात अन कॉर्ड घाणेरडी लागते म्हणतात. ए मध्ये तीन बोटं एकाच फ्रेटमध्ये दाटीनं बसतात अन पहिलं बोट मागं राहतं, तिथं मधलं बोट चौथ्या तारेवर, पहिलं तिसऱ्यावर अन तिसरं दुसऱ्यावर असं ठेवून बघा, कित्येकांना हेच सोपं जातं. सुरुवात ई मायनर अन ए मायनरनं केलेली बरी, एफच्या नादी पहिल्याच आठवड्यात लागू नका.

एफ कधी ना कधी लागणारच, तर आधी छोटी एफ (फक्त चार बारीक तारांवरची) धरा, पूर्ण बोट आडवं टाकायची घाई नको. बार (पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं) धरायचा सराव पाचव्या फ्रेटवर करा, तोच आकार तिथं ए वाजतो, तार तिथं मऊ लागते, जमलं की एकेक फ्रेट खाली या. पहिलं बोट थोडं अंगठ्याकडच्या कडेवर कलतं ठेवा, तिथं हाड आहे, मांसल भागात तारा रुततात. अन सरसकट सहाही तारांवर जोर लावू नका, पहिल्या बोटाच्या वाट्याला फक्त सहावी, दुसरी अन पहिली तार आहे, बाकी तीन तारा दुसरी बोटं धरतात.

बोटं दुखणार. दहा पंधरा मिनिटं वाजवा, ठेवा, संध्याकाळी परत घ्या. काही आठवड्यात शेंडे कडक होतात. अंघोळीनंतर किंवा भांडी घासून लगेच बसू नका, ओली कातडी मऊ असते, तार लगेच रुतते. पण मनगटात कळ किंवा बोटांना मुंग्या यायला लागल्या तर थांबायचं, तो सरावाचा भाग नाही.

हे सगळं करूनही वाजंना तर मग दोष गिटारचा असू शकतो अन हे आम्ही खुल्या मनानं सांगतो. बोट न ठेवता मोकळी तार खरखरते का बघा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा अन पहिल्या फ्रेटवर तार अन पट्टीत किती फट आहे ते बघा, केसभर पाहिजे, चांगली ठळक फट दिसली तर नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) उंच आहे, तिथं पहिल्या फ्रेटच्या कॉर्डला कुणाचीही बोटं दुखतील. खात्री करायची तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी धरा, एकदम सोपी झाली तर नटचीच गडबड. स्टीलच्या तारांच्या गिटारला बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर अन बारीक तारेखाली दोन ठीक, चार असेल तर शिकणाऱ्यासाठी ती गिटार जड आहे. स्टीलच्या तारा 12 नंबरच्या (जाड) असतील तर 10 नंबर (बारीक) टाकून घ्या, बराच आराम पडतो. नायलॉनच्या गिटारला मात्र स्टीलच्या तारा कधीच लावू नका, ताण जवळजवळ दुप्पट होतो अन ब्रिज (तारा खाली जिथं अडकवलेल्या असतात तो तुकडा) उखडतो.

आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा गिटारला फार वाईट. चाळीसच्या वर गेलेल्या उन्हात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवली तर डिंक सुटतो, लाकूड वाळून खाली बसतं अन तारा खरखरायला लागतात, पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं अन तारा वर उचलतात. म्हणून सीझन बदलला की एकदा दाखवून घ्या. बॅगेत ठेवा, भिंतीच्या उन्हाच्या बाजूला टांगू नका.

भजनी मंडळातले बरेच जण गिटार घेतात, त्यांच्यासाठी एक सोय सांगतो. पेटी काळी एकमध्ये असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा अन सीच्याच कॉर्ड धरा, सूर बरोबर जुळतो, अवघड कॉर्ड धरायची गरज नाही. कॅपो पट्टीच्या अगदी जवळ अन सरळ लावा, नाहीतर तोच खरखरतो.

सेटिंगसाठी गिटार आणताना तारा काढून आणू नका, जशी वाजवता तशीच आणा, नेकच्या आतला लोखंडी रॉड घरी पिळू नका, अन दुकानात आल्यावर जी कॉर्ड वाजंना ती आमच्यासमोर एकदा धरून दाखवा, म्हणजे काम बोटाचं आहे का गिटारचं हे तिथंच कळतं.