रांगेचं गणित

डिसेंबर १९७३. जपानमधल्या टोयोकावा भागात शाळकरी मुली आगगाडीत गप्पा मारत होत्या. त्यांच्यातल्या एकीला टोयोकावा शिंकिन या पतसंस्थेत नोकरी लागली होती. ‘अगं, तिथे धोका असतो,’ म्हणून मैत्रिणींनी तिला चिडवलं. मैत्रिणींच्या मनात होते दरोडेखोर. मुलीने घरी नातेवाइकांना सहज विचारलं, की तिथे खरंच धोका असतो का? नातेवाइकांच्या मनात आलं दिवाळं. त्यांनी आणखी कुणाकडे चौकशी केली, त्या माणसाने आणखी कुणाकडे, आणि मूळच्या वाक्यातलं प्रश्नचिन्ह वाटेत कुठेतरी गळून पडलं.

काही दिवसांनी कपडे धुऊन देणाऱ्या एका दुकानात आलेला माणूस फोनवर म्हणाला, की टोयोकावा शिंकिनमधून बारा लाख येन काढून आण. त्याला पैसे धंद्यासाठी हवे होते, अफवेचा त्याला पत्ताही नव्हता. दुकानाच्या मालकिणीला मात्र होता. नवरा-बायकोने आपली ठेव काढली आणि ओळखीच्यांनाही सावध केलं. त्या दिवसांतली एका टॅक्सीचालकाची आठवण मला फार बोलकी वाटते. दुपारचं गिऱ्हाईक म्हणालं, ‘ती संस्था धोक्यात आहे म्हणे.’ नंतरचं म्हणालं, ‘धोक्यात आहे.’ संध्याकाळचं म्हणालं, ‘बुडणार.’ आणि रात्रीचं, ‘उद्या शटर काही वर जात नाही.’ एका दिवसात ‘म्हणे’ गेलं आणि बातमी पक्की झाली.

शंभर कोटींहून जास्त येन बघता बघता बाहेर गेले. संस्था ठणठणीत होती. पोलिसांनी साखळी उलटी शोधत नेली, तर टोकाला गुन्हेगार नव्हताच, होती ती मैत्रिणींची थट्टा.

‘लोक घाबरतात, मेंढरासारखे धावतात’ असं म्हणून हा विषय संपवता येतो. मला ते पटत नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. बँक आपली ठेव तिजोरीत जपून ठेवत नाही. थोडी रोकड हाताशी ठेवून बाकीचे पैसे ती वर्षानुवर्षांच्या कर्जांत गुंतवते. ठेव आज मागितली तर आज द्यायची, पण कर्ज वसूल होणार दहा वर्षांनी. सगळे एकदम आले नाहीत तर हा व्यवहार उत्तम चालतो. सगळे एकदम आले तर जगातली कुठलीही बँक त्यांचं समाधान करू शकत नाही. म्हणजे अफवा खोटी आहे हे मला पक्कं ठाऊक असलं, तरी बाकीचे ती खरी मानणार असतील, तर मीही रांगेत लवकर उभं राहणं शहाणपणाचं. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ मध्ये हे गणितात मांडलं. त्यांच्या गणिताला दोन उत्तरं येतात: सगळे शांत, नाहीतर सगळे रांगेत. दोन्ही ठिकाणी प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणाच असतो. २०२२ चं अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना बेन बर्नान्की यांच्यासोबत मिळालं.

‘पत’ हा आपल्याकडचा शब्द इथे चपखल बसतो. पत असते ती लोकांच्या मनात, तिजोरीत मोजायला गेलं तर सापडत नाही.

पण एका उत्तरावरून दुसऱ्यावर उडी कधी पडते? मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये एक साधा हिशेब मांडला. चौकात शंभर माणसं आहेत. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे, म्हणजे आधी किती जण दंगलीत उतरले की मी उतरेन तो आकडा. एकाचा उंबरठा शून्य, तो कुणाचीही वाट न बघता दगड उचलतो. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा नव्याण्णव. पहिला दगड पडला की एकामागून एक सगळे शंभर दंगलीत. आता फक्त एक बदल करा: ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन करा. पहिला माणूस दगड मारतो, दुसरं कुणी हलत नाही, आणि चौकात एक माथेफिरू उरतो. दोन्ही जमाव जवळजवळ सारखेच. पाहणी केली असती तर दोन्हीकडे सरासरी असंतोष तेवढाच भरला असता. उलथापालथीचं भाकीत करणारे तज्ज्ञ तोंडावर पडतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

त्यात भर म्हणजे दडपशाहीत माणसं आपला उंबरठा लपवतात. तिमूर कुरान या अर्थतज्ज्ञाने पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी १९८९ मध्ये कोसळल्या त्याचा उलगडा याच धाग्याने केला. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सोमवारच्या प्रार्थनेनंतर थोडे लोक मोर्चाने निघत. ९ ऑक्टोबरला सुमारे ७० हजार निघाले. शस्त्रसज्ज पोलीस तयार होते, गोळी सुटली नाही. पुढचा सोमवार त्याहून मोठा, आणि बरोबर महिन्याने बर्लिनची भिंत खुली झाली. लोकांचा राग त्या महिन्यात जन्मलेला नव्हता. शेजारीही आपल्यासारखाच वैतागलेला आहे, हे मात्र तेव्हा उघड दिसलं. रुमानियात तर २१ डिसेंबरला चाउशेस्कू सज्जातून भाषण करताना गर्दीतून गलका उठला आणि गोंधळलेला हुकूमशहा देशाने थेट प्रक्षेपणात पाहिला. चार दिवसांनी तो जिवंत नव्हता.

आता रांगही दिसत नाही. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ४२ अब्ज डॉलर एका दिवसात गेले, बहुतेक फोन आणि संगणकावरून. दुसऱ्या दिवशी बँक बंद. इथे नुसती अफवा नव्हती. व्याजदर वाढल्याने बँकेच्या रोख्यांची किंमत खरोखर घसरली होती आणि बहुतांश ठेवी, बँक बुडाली तर ठेव भरून देणाऱ्या विम्याच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेबाहेर होत्या. विमा असलेल्याला पळायचं कारण उरत नाही, विम्याचं खरं काम तेच.

गेलेला विश्वास परत येतो का? येतो, कधी कधी तितक्याच झपाट्याने. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. जर्मनीने ‘रेंटेनमार्क’ हे नवं चलन काढलं, त्याला तारण म्हणून देशातली जमीन दाखवली. नोट देऊन कुणाला वावर मिळणार नव्हतं, पण किती नोटा छापायच्या याला कडक मर्यादा घातली आणि ती पाळली. भाव थांबले.

दहा वर्षांनी अमेरिकेत बँका धडाधड बुडत होत्या. रूझवेल्टनी सत्तेवर येताच ६ मार्च १९३३ पासून देशातल्या सगळ्या बँकांना सक्तीची सुट्टी दिली. १२ मार्चच्या रविवारी ते रेडिओवर आले आणि बँक तुमच्या पैशाचं काय करते, ते साध्या भाषेत समजावून सांगितलं. कोणत्या बँका उघडतील आणि का, तेही सांगितलं. सोमवारी बँका उघडायला लागल्या. दारांत पुन्हा रांगा होत्या, या खेपेला घरी दडवलेली रोकड भरायला आलेल्यांच्या.