विमानात अणुभट्टी का बसत नाही

लष्करी सामग्रीची आवड असलेली चार मंडळी एकत्र आली की कधी ना कधी हा विषय निघतोच. आपल्या ‘अरिहंत’ पाणबुडीत अणुभट्टी बसते, मग विमानात का बसू नये? प्रश्न अजिबात बाळबोध नाही. अमेरिकेने १९४६ ते १९६१ अशी पंधरा वर्षं आणि जवळपास १ अब्ज डॉलर त्याच्यापायी घालवले. सोव्हिएत संघानेही हात पोळून घेतले.

मोह पडावा असंच गणित आहे. १ किलो युरेनियम-२३५ चं पूर्ण विखंडन झालं, म्हणजे त्याचे सगळे अणू फुटले, तर सुमारे १९०० टन विमान-इंधनाइतकी उष्णता मिळते. शिवाय जेट इंजिनाला ती उष्णता कुठून येते याच्याशी काही देणंघेणं नसतं. पुढून हवा घ्यायची, दाबायची, तापवायची आणि मागून सोडायची, एवढंच त्याचं काम. केरोसीन जाळून तापवा नाहीतर अणुभट्टीच्या गाभ्यातून फिरवून. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहोच्या वाळवंटात जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी जे-४७ हे नेहमीचं जेट इंजिन निव्वळ अणुभट्टीच्या उष्णतेवर चालवून दाखवलं. तेव्हा भट्टी चालते की नाही, हा मुद्दा तिथेच निकालात निघाला होता.

घोडं अडलं ते वैमानिकापाशी.

चालू भट्टीतून माणसाला घातक अशा मुख्यतः दोन गोष्टी बाहेर पडतात, गॅमा किरण आणि न्यूट्रॉन. गॅमा अडवायला जड धातू लागतो, म्हणजे शिसं. न्यूट्रॉनला शिशाचं फारसं कौतुक नसतं. त्यांना आवरायला हायड्रोजन भरपूर असलेला पदार्थ लागतो. पाणी, रबर, प्लास्टिक. म्हणजे कवच दुहेरी आलं. आता जाडीचं बघा. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या गॅमा किरणांची तीव्रता निम्मी करायला सुमारे १.२ सेंटिमीटर शिसं लागतं. हजारपट कमी करायची तर असं दहा वेळा निम्मं करायला हवं, म्हणजे साधारण १२ सेंटिमीटर. दहा लाख पट हवी असेल तर २४. भट्टी छोटी केली म्हणून ही जाडी त्या प्रमाणात घटत नाही, आणि सगळ्या छोट्या अणुविमानांच्या कल्पना इथेच माती खातात.

पाणबुडीत हे खपून जातं, कारण तिचा भार पाणी पेलतं. अरिहंत सुमारे ६००० टनांची आहे; तिथे कवचाचे शेकडो टन हिशेबात बसवता येतात. आपलं ‘तेजस’ पूर्ण भरलेलं असताना उड्डाण करतं ते १३.५ टनांचं. हा आकडा लक्षात ठेवा.

अमेरिकनांनी वजन वाचवायला एक हुशार युक्ती काढली: कवच वाटून घ्यायचं. भट्टी चारी बाजूंनी गुंडाळायची नाही. थोडं कवच तिच्याभोवती, थोडं वैमानिकांच्या कक्षाभोवती, आणि दोघांमध्ये जास्तीत जास्त अंतर. म्हणजे भट्टी शेपटाकडे, माणसं नाकात, मध्ये एक जाड आडोसा. मागच्या बाजूला किरणोत्सर्ग गेला तर जाऊ दे, तिथे कोण आहे! कागदावर छान दिसतं. पण भोवतालची हवा मध्ये येते. बाजूला गेलेले किरण हवेच्या रेणूंवर आपटून परत विमानाकडे वळतात. डोक्यावर छत्री असूनही झडीचा पाऊस बाजूने भिजवतो, तसं. त्यामुळे वैमानिकांच्या कक्षाला सगळीकडून चिलखत चढवावंच लागतं.

हे प्रत्यक्ष मोजण्यासाठी जे विमान वापरलं, त्याची कथा मला फार आवडते. टेक्सासच्या कार्सवेल हवाई तळावर १ सप्टेंबर १९५२ ला टोर्नेडो वादळ आलं आणि तिथल्या अवाढव्य बी-३६ बॉम्बर विमानांची नासधूस झाली. एकाचं नाक पार चेपलं. नाहीतरी नवं नाक बसवायचंच आहे, तर मग प्रयोगासाठी हेच घ्या, असा व्यवहारी विचार झाला आणि त्याचं एनबी-३६एच झालं. नव्या नाकात शिसं आणि रबर यांनी मढवलेला सुमारे ११ टनांचा कक्ष, त्यात पाच जण. खिडकीच्या काचा जवळपास वीतभर जाड. मागे बॉम्ब ठेवायच्या जागेत सुमारे १६ टनांची १ मेगावॉटची भट्टी, आणि तिच्यावर नजर ठेवायला दूरचित्रवाणी कॅमेरा. विमान उतरलं की भट्टी यारीने काढून जमिनीतल्या खड्ड्यात ठेवत.

१९५५ ते १९५७ या काळात या विमानाने ४७ उड्डाणं केली. एकूण २१५ तास हवेत, त्यातले ८९ तास भट्टी चालू. सोबत छत्रीधारी सैनिकांचं एक विमान असे, अपघात झालाच तर उड्या टाकून परिसर ताब्यात घ्यायला. गंमत म्हणजे भट्टीने विमान एक इंचही पुढे ढकललं नाही. ते उडत होतं आपल्या नेहमीच्या इंजिनांवर, आणि भट्टी होती निव्वळ मोजमापासाठी नेलेली प्रवासी. भट्टी आणि कक्ष मिळून २७ टन झाले, म्हणजे दोन भरलेली तेजस. तेही फक्त १ मेगावॉटसाठी! बॉम्बर खरोखर उडवायचा तर याच्या कैक पट ताकद लागली असती.

आणखी एक अडचण आहे, जी चाहत्यांच्या गप्पांत क्वचितच निघते. साधं विमान इंधन जाळत हलकं होत जातं आणि उतरताना बरंच कमी वजनाचं असतं. अणुविमान जेवढं जड उडतं तेवढंच जड उतरतं, तेव्हा चाकं आणि सांगाडा त्या हिशेबाने बांधावा लागणार. आणि उतरल्यावरही भट्टी लगेच निवत नाही. विखंडनातून तयार झालेली द्रव्यं किरणोत्सर्ग करतच राहतात, त्यामुळे पाना घेऊन इंजिनाखाली शिरणारा मेकॅनिक विसरायचा. आयडाहोत चाचणीची इंजिनं ओढायला शिशाच्या कवचाचं रेल्वे इंजिन बनवावं लागलं होतं. विमानासाठी भलामोठा हँगरही बांधला. विमान काही आलं नाही.

राजकारणाने मात्र या प्रकल्पाला अनेकदा जीवदान दिलं. डिसेंबर १९५८ मध्ये ‘एव्हिएशन वीक’ या अमेरिकन साप्ताहिकाने बातमी छापली की सोव्हिएत अणुबॉम्बर उडूही लागला आहे. वॉशिंग्टनमध्ये खळबळ. प्रत्यक्षात ते मियासिश्चेव एम-५० निघालं, साध्या जेट इंजिनांचं, आणि त्याचं पहिलं उड्डाण झालं ऑक्टोबर १९५९ मध्ये! सोव्हिएतांनी चालू भट्टी घेऊन टीयू-९५ हे बॉम्बर उडवलं ते १९६१ मध्ये, आणि तेही एनबी-३६एच सारखंच, मोजमापापुरतं. त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी अमेरिकन प्रकल्प बंद केला. आंतरखंडीय क्षेपणास्त्रं अर्ध्या तासात पोचू लागली होती. दिवसचे दिवस घिरट्या घालणारा बॉम्बर कोणाला हवा होता?

पण माणूसच काढून टाकला तर कवचही जातं. हा तर्क ताणत नेला की ‘प्लुटो’ प्रकल्पाशी पोचतो. अमेरिकेच्या लिव्हरमोर अण्वस्त्र प्रयोगशाळेचं हे वैमानिकविरहित क्षेपणास्त्र झाडांच्या उंचीवरून आवाजाच्या तिप्पट वेगाने जाणार होतं. त्याला रॅमजेट हवं होतं, म्हणजे फिरते भाग नाहीत. वेगामुळे आत घुसलेली हवा सरळ तापलेल्या गाभ्यातून जाणार. बाराशे अंश सेल्सिअसच्या वर टिकणारं इंधन म्हणून युरेनियम मिसळलेल्या बेरिलियम ऑक्साइडच्या, चिनी मातीसारख्या नळ्या वापरल्या. एका भट्टीला अशा लाखो. त्या बनवल्या कूर्सच्या पोर्सिलेन कंपनीने. हो, बिअरवाले तेच कूर्स घराणं. जमिनीवर उभ्या भट्टीत तेवढ्या वेगाची हवा कोंबायची म्हणून तेलविहिरींचे सुमारे ४० किलोमीटर पाइप दाबलेल्या हवेने भरून ठेवले. २० मे १९६४ रोजी नेवाडात टोरी-२सी ही भट्टी पाच मिनिटं पूर्ण ताकदीने चालली: ५१३ मेगावॉट. तांत्रिकदृष्ट्या झकास यश.

मग उडवायचं कुठे? वाटेतल्या मित्रदेशांच्या डोक्यावरून किरणोत्सर्गी झोत सोडत जाणारं यंत्र कोणाच्याच आकाशात नको होतं. पॅसिफिकमधल्या वेक बेटाजवळ उडवून शेवटी खोल समुद्रात बुडवायचं, इथपर्यंत चर्चा झाली. १ जुलै १९६४ ला, म्हणजे त्या यशानंतर सहा आठवड्यांनी, प्रकल्प गुंडाळला.

हे सगळं आता पुन्हा चर्चेत आहे ते रशियाच्या ‘बुरेवेस्तनिक’ या अणुशक्तीवरच्या क्षेपणास्त्रामुळे. पुतिन यांनी मार्च २०१८ मध्ये त्याची घोषणा केली. ऑगस्ट २०१९ मध्ये रशियातल्या न्योनोक्साजवळच्या स्फोटात रोसातोम या सरकारी अणुऊर्जा कंपनीचे पाच कर्मचारी गेले, आणि अनेक जाणकार तो अपघात याच क्षेपणास्त्राशी जोडतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये रशियाच्या सेनाप्रमुखांनी सांगितलं की ते १५ तासांत १४,००० किलोमीटर उडालं. दावा खरा धरला तरी भागाकार करून बघा: ताशी सुमारे ९३० किलोमीटर. हा प्रवासी विमानाचा वेग झाला, प्लुटोच्या जवळपासही नाही. असं क्षेपणास्त्र एकदा दिसलं की आजचं कुठलंही लढाऊ विमान त्याला गाठू शकतं. त्यामुळे त्याची सगळी भिस्त लांबून, वेड्यावाकड्या वाटेने, रडार नाहीत त्या बाजूने येण्यावर आहे, आणि पंधरा तास हवेत राहणाऱ्या वस्तूला शोधायला समोरच्यालाही पंधरा तास मिळतात.