ॲड्रिनल ग्रंथी कुणाचं ऐकते?

स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन आधीच बनवून इवल्याशा पिशव्यांत भरून ठेवतात आणि रक्तातली साखर वाढली की त्या पिशव्या रिकाम्या करतात. मूत्रपिंडांच्या टोकांवर बसलेल्या, जेमतेम 4-5 ग्रॅम वजनाच्या ॲड्रिनल ग्रंथींना स्टेरॉइडच्या बाबतीत ही सोय नाही. त्यांच्या बाहेरच्या भागात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, तयार होणारी स्टेरॉइड संप्रेरकं स्निग्ध स्वभावाची असतात आणि पेशीच्या आवरणातून आरपार निघून जातात. ती कोंडून ठेवणार कशी? त्यामुळे कॉर्टिसॉल (यातलंच एक, ताणाच्या वेळी कामी येणारं आणि रक्तातली साखर टिकवणारं) हवं असेल, तर दर वेळी कोलेस्टेरॉलपासून सुरुवात करून ते नव्याने बनवावं लागतं. म्हणूनच या ग्रंथीत खरा प्रश्न असतो तो हुकूम कोण देतं आणि तो पेशीला ऐकू येतो का, हा. पेशीचे कान म्हणजे तिच्यावरचे रिसेप्टर.

एरवी हुकूम येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडून. तिथून निघालेलं एसीटीएच हे संप्रेरक रक्तातून येऊन कॉर्टेक्सच्या पेशींवरच्या ‘एमसी2आर’ या रिसेप्टरला चिकटतं. हा रिसेप्टर विक्षिप्त आहे. त्याला एसीटीएचखेरीज दुसरं काही ऐकू येत नाही, आणि तेही एकट्याने जमत नाही. ‘एमआरएपी’ नावाचं एक छोटं प्रथिन सोबतीला नसेल, तर तो पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही, आतल्या आत अडकून पडतो. या प्रथिनाची भूमिका 2005 मध्ये उलगडली. रिसेप्टर किंवा हा सोबती, दोहोंपैकी कुणाच्याही जनुकात दोष घेऊन जन्मलेल्या बाळात कॉर्टिसॉल बनत नाही. रक्तातली साखर घसरते, झटके येतात. शिवाय अशा मुलांची त्वचा काळवंडते. कॉर्टिसॉल येत नाही म्हणून पियुषिका एसीटीएच वाढवतच जाते, आणि त्या पुराचा आवाज त्वचेतल्या रंगपेशींवरच्या, याच कुटुंबातल्या दुसऱ्या रिसेप्टरला ऐकू जातो.

ऐकू आल्यावर पेशीत काय होतं? आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि त्याच्या इशाऱ्यावर एकापुढे एक प्रथिनं कामाला लागतात. पण सगळं अडतं ते एकाच अरुंद जागी: कोलेस्टेरॉल मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या, बाहेरच्या पडद्यापासून आतल्या पडद्यापर्यंत न्यायचं. कोलेस्टेरॉलवर पहिला घाव घालणारं विकर आतल्या पडद्यावर बसलेलं असतं आणि मधल्या पाणीदार जागेतून हा तेलकट रेणू आपणहून जात नाही. त्याला पलीकडे पोहोचवणारं प्रथिन 1994 मध्ये ओळखलं गेलं, त्याचं नाव ‘स्टार’. एसीटीएच आल्यावर काही मिनिटांतच कॉर्टिसॉल वाढू लागतं ते त्याच्या जिवावर.

कॉर्टेक्सचा सगळ्यात बाहेरचा थर मात्र वेगळ्याचंच ऐकतो. तिथे अल्डोस्टेरॉन बनतं, मीठ राखून ठेवणारं आणि रक्तदाब सांभाळणारं. या थराचा मुख्य मालक अँजिओटेन्सिन-2 हे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक, एसीटीएचचा वाटा दुय्यम. म्हणूनच वर सांगितलेल्या बाळांत अल्डोस्टेरॉन बहुधा शाबूत राहतं. दुसरा मालक तर संप्रेरकही नाही: रक्तातलं पोटॅशियम. ते किंचित वाढलं तरी पेशीच्या आवरणावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि काम सुरू होतं. 2011 मध्ये असं दिसलं, की अल्डोस्टेरॉन बेसुमार बनवणाऱ्या अनेक गाठींत पोटॅशियमची एक वाहिनी बिघडलेली असते. तिच्यातून सोडियमही आत येतं आणि कुणी न सांगताच पेशी सतत कामाला जुंपलेली राहते.

याहून चक्रावणारा प्रकार 1992 मध्ये समोर आला. कुशिंग आजारात शरीरात कॉर्टिसॉल जास्त होतं. चेहरा गोल होतो, त्वचा पातळ होते, स्नायू झिजतात. अशा काही रुग्णांत सकाळी उपाशीपोटी कॉर्टिसॉल कमी भरायचं आणि जेवलं की भराभर चढायचं. एसीटीएच तर जवळजवळ नव्हतंच. जेवणानंतर आतडं ‘जीआयपी’ नावाचं संप्रेरक सोडतं, स्वादुपिंडाला इन्सुलिनची सूचना द्यायला. त्याचा रिसेप्टर या लोकांच्या ॲड्रिनल पेशींवर उगवला होता! बाकी यंत्रणा तीच, सायक्लिक एएमपीही तेच. पेशीच्या दृष्टीने हुकूम आला एवढंच खरं, तो कुणाचा हे तिला कळत नाही.

आणि हा हुकूम थांबवणारं कुणी नाही. कॉर्टिसॉल वाढलं की पियुषिका गप्प बसते. आतड्याला कॉर्टिसॉलशी देणंघेणं नसतं. हा रिसेप्टर तिथे मुळात येतो कसा, याचं एक उत्तर 2021 मध्ये मिळालं. दोन्ही ॲड्रिनलमध्ये गाठी असलेल्या अशा रुग्णांत ‘केडीएम1ए’ हे जनुक निकामी झालेलं आढळलं. इतर जनुकांच्या वाचनावर अंकुश ठेवणं हे त्याचं एक काम. तो अंकुश गेला की इथे कधीच वाचलं जाऊ नये असं जनुक वाचलं जातं.

जीआयपी एकटं नाही. काहींच्या ॲड्रिनलवर एलएच या प्रजनन-संप्रेरकाचे रिसेप्टर वाढलेले असतात. गरोदरपणातलं एचसीजी हे संप्रेरकही त्याच रिसेप्टरला चिकटतं. 1999 मध्ये नोंदल्या गेलेल्या एका स्त्रीला कुशिंगची लक्षणं गरोदरपणात यायची आणि बाळंतपणानंतर ओसरायची. रजोनिवृत्तीनंतर एलएच कायमचं चढलं आणि आजारही कायमचा झाला.

दोन्ही ग्रंथी काढल्या तर रुग्णाला जन्मभर स्टेरॉइडच्या गोळ्यांवर राहावं लागतं. म्हणून दोन्हीकडे गाठी असतील तर काही तज्ज्ञ आधी ग्रंथीला काय ऐकू येतं ते तपासतात: रुग्णाला जेवण देऊन, झोपलेल्याला उभं करून, ठरावीक संप्रेरकं टोचून दर वेळी रक्तातलं कॉर्टिसॉल मोजतात. त्या स्त्रीत एलएच दाबणारं ल्युप्रोलाइड इंजेक्शन पुरेसं ठरलं, शस्त्रक्रिया टळली. ज्यांच्या ॲड्रिनल पेशी ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांना प्रतिसाद देऊ लागल्या होत्या, अशा रुग्णात प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबाच्या जुन्या औषधाने कॉर्टिसॉल खाली आणता आलं.